डोरेमॉन मोठ्या पडद्यावर गेला तेव्हा

आमच्या रत्नागिरीकडची पोरं घरात संगमेश्वरी बोलतात आणि शाळेत पुस्तकी मराठी. हिंदी मात्र त्यांना बाईंच्याही आधी डोरेमॉनने शिकवली. २००५पासून हे निळं, बिनकानाचं यंत्रमांजर भारतातल्या टीव्हीवर हिंदीत बोलतं आहे. आज कॉलेजात जाणारी मुलंसुद्धा वर्गातल्या दांडगटाला जियान म्हणतात आणि ‘एनीवेअर डोअर’, म्हणजे हवं तिथे नेणारं दार, असतं तर मुंबईला जायला कोकण रेल्वेचं तिकीट काढावं लागलं नसतं, असं सहज बोलून जातात. घरातली मोठी माणसं ‘कार्टून लावलंय’ एवढंच म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. हा त्या मालिकेवर अन्याय आहे. डोरेमॉन ही अस्सल विज्ञानकथा आहे. तिचा सिनेमा कसा झाला ही हकिकत तर कथा लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

विज्ञानकथा म्हणायचं कारण सोपं आहे. एक अशक्य गोष्ट शक्य झाली असं धरायचं आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत प्रामाणिकपणे तपासायचे, हा या साहित्यप्रकाराचा पाया. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही याच पायावर उभी होती. डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशातून दर भागात एक गॅजेट निघतं. काळ उलटा फिरवणारं कापड, डोक्यावर लावून उडायची भिंगरी, वस्तू लहान करणारी विजेरी. त्या एका गॅजेटमुळे जग किती बदलेल, याचा हिशेब मग मांडला जातो. डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो तो शाळकरी नोबिता त्याचा गैरवापर करतो, प्रकरण अंगाशी येतं आणि गोष्ट संपते.

डोरेमॉन जन्मला कागदावर. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे दोन बालमित्र ‘फुजिको फुजिओ’ या एकाच टोपणनावाने चित्रकथा काढत. १९६९च्या डिसेंबरात शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या सहा बालमासिकांत डोरेमॉन एकदम सुरू झाला. हे काम फुजिमोतो यांचं. सहाही मासिकं वेगवेगळ्या वयाच्या मुलांसाठी होती, त्यामुळे बालवाडीतल्या मुलाला झेपेल अशी एक गोष्ट आणि चौथीतल्या मुलाला पुरेल अशी दुसरी, असं दर महिन्याला करावं लागे. मोजक्या पानांत एक कल्पना मांडून, फुलवून, उलटवून संपवायची ही तालीम त्यांना इथे मिळाली. टीव्हीवरचा पहिला प्रयत्न १९७३चा. तो सहा महिन्यांत आटोपला. २ एप्रिल १९७९ रोजी टीव्ही आसाही वाहिनीवर नव्याने मालिका सुरू झाली, दहा-दहा मिनिटांच्या भागांची, रविवार सोडून रोज. ती अशी काही चालली की वर्षभरात सिनेमा काढायचं ठरलं.

खरी अडचण इथून पुढे आहे.

दहा मिनिटांच्या नऊ गोष्टी एकापुढे एक लावल्या की दीड तास भरतो, पण त्याचा सिनेमा होत नाही. मालिकेचा सगळा डोलारा एका अटीवर उभा असतो: भाग संपला की सगळं होतं तसं झालं पाहिजे. नोबिता वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत राहतो, त्याला शून्यच मिळतं, जियान त्याला बडवतोच, सुनियो नव्या वस्तू दाखवून मिरवतोच. मुलांना हे आवडतं, कारण पुढचा भाग कुठूनही बघता येतो. सिनेमाला पैसे मोजून आलेलं पोर मात्र काहीतरी घडलेलं बघायला आलेलं असतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. दहा मिनिटांत डोरेमॉनचा खिसा संकट निर्माण करतो, तिथे तो हवाच. दीड तासाच्या गोष्टीत तोच खिसा प्रत्येक संकट चुटकीसरशी सोडवील. भूक लागली, काढा गॅजेट. रस्ता चुकला, काढा गॅजेट. मग घाबरायचं कशाला आणि शेवटपर्यंत बसायचं तरी कशाला?

फुजिमोतो यांनी यातून काढलेली वाट बघण्यासारखी आहे. त्यांनी १९७५मध्ये लिहिलेली ‘नोबिताचा डायनोसॉर’ ही छोटी चित्रकथा घेतली. सुनियो डायनोसॉरच्या नखाचा जीवाश्म दाखवून फुशारकी मारतो. नोबिता इरेला पेटून सांगून बसतो की मी अख्खा डायनोसॉर शोधून दाखवीन, नाहीतर नाकाने स्पॅगेटी खाईन. खणता खणता त्याला अंड्याचा जीवाश्म सापडतो. डोरेमॉनच्या काळ फिरवणाऱ्या कापडात गुंडाळल्यावर तो दगड पुन्हा ताजं अंडं होतो. नोबिता ते अंथरुणात, स्वतःच्या अंगाच्या उबेने उबवतो. पिल्लू निघतं. त्याचं नाव पिसुके. ते वाढतं, घरात मावेनासं होतं, लोकांच्या नजरेत यायला लागतं आणि शेवटी नोबिता त्याला टाइम मशीनमधून त्याच्या काळातल्या समुद्रात सोडून येतो. छोटी कथा इथे संपते, आणि छान संपते.

सिनेमासाठी त्यांनी हाच शेवट मध्यावर आणला. पिसुकेला सोडून आल्यावर कळतं की तो सुखात नाही. तिथले प्राणी त्याला आपल्यात घेत नाहीत. कारण तो चुकीच्या जागी सोडला गेला आहे. वाटेत डायनोसॉर चोरून विकणाऱ्या टोळीने टाइम मशीनवर हल्ला केला होता, त्या गोंधळात काळ बरोबर साधला पण जागा चुकली, आणि जपानच्या समुद्रातलं पिल्लू अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. आता त्याला घेऊन जायला नोबिता, डोरेमॉन, शिझुका, जियान आणि सुनियो असे पाचही जण त्या मशीनवर चढतात. भार जास्त होतो. मशीन आदळतं आणि त्याचा जागा बदलणारा भाग निकामी होतो. काळ बदलता येईल, जागा नाही.

या एका बिघाडावर अख्खा सिनेमा उभा आहे. टाइम मशीनचं तोंड नोबिताच्या टेबलाच्या खणात उघडतं, हे मालिका बघणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतं. म्हणजे घरी जायचं तर, जिथे पुढे कोट्यवधी वर्षांनी ते टेबल असणार आहे, नेमक्या त्या जागी मशीन नेऊन ठेवावं लागेल. दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतून जपानपर्यंत, आपल्या पायांनी आणि डोक्यावरच्या भिंगऱ्यांनी. त्या भिंगऱ्यांच्या, म्हणजे हिंदीतल्या बॅम्बू कॉप्टरच्या, बॅटऱ्याही सलग चालवल्या की संपतात, त्यांना विश्रांती द्यावी लागते. खिसा आहे, पण तो आता पुरत नाही. मालिकेचा नियम मोडायला बाहेरचा कुणी देव आणला नाही, मालिकेतलाच खण आणि मालिकेतलंच यंत्र वापरून पात्रांना कोंडीत पकडलं. रूपांतराची याहून चांगली उदाहरणं मला फारशी माहीत नाहीत. मुलांना आधीपासून माहीत असलेल्या नियमातूनच नवा धोका काढला की तो समजावून सांगावा लागत नाही. थिएटरातल्या पोराला तो आपोआप कळतो आणि ते खुर्चीत पुढे सरकतं.

मग पात्रंही बदलायला मोकळी होतात. प्रवासात एकदा जियानची भिंगरी बंद पडते आणि तो खाली जाऊ लागतो. नोबिता, रोज त्याच्याकडून मार खाणारा, त्याचा हात धरतो आणि सोडत नाही. पुढे टोळीचा म्होरक्या सौदा घेऊन येतो: पिसुकेला आमच्या हवाली करा, तुम्हाला घरी पोचवतो. सुनियोचं मन डळमळतं. ते खोटं वाटत नाही, दमलेलं पोर असंच वागेल. पण जियान म्हणतो की मी चालत येईन, नोबिताने माझा हात सोडला नव्हता. एवढंच. मोठं भाषण नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. मालिकेत शेकडो भागांत जे झालं नाही ते या दोन प्रसंगांत होतं, आणि तेव्हापासून जपानी प्रेक्षकांत ‘सिनेमातला जियान’ ही वेगळी ओळखच रूढ झाली आहे: टीव्हीवर दांडगा, पडद्यावर दिलदार. आमच्याकडची मुलंही हा फरक बरोबर टिपतात. विचारून बघा.

१५ मार्च १९८० रोजी हा सिनेमा लागला. दिग्दर्शक हिरोशी फुकुतोमी, लांबी ९२ मिनिटं. जोडीला त्याच तिकिटात १९६४चा ‘मोथ्रा विरुद्ध गॉडझिला’ दाखवला गेला. मार्च निवडायचं कारण म्हणजे जपानात शाळेचं वर्ष मार्चात संपतं आणि एप्रिलात नवं सुरू होतं. मधल्या सुट्टीत मुलं मोकळी असतात. सिनेमा येण्याआधीच त्याची कथा ‘कोरोकोरो कॉमिक’ या मासिकात फुजिमोतो स्वतः चित्रांत काढत. पुढे ही रीतच पडली: हिवाळ्यात मासिकातून दीर्घकथा, वसंतात पडद्यावर तोच सिनेमा. पोरं गोष्ट आधी वाचत आणि तरीही थिएटरात जात. कथेचा शेवट माहीत असणं हा सिनेमाचा तोटा नव्हे, हे आपल्याकडे दशावतार बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर टीव्हीचं ॲनिमेशन म्हणजे काटकसरीची कला. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टीव्हीसाठी एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं काढावी लागतात. अंग स्थिर, फक्त तोंड हलतं. पार्श्वभूमीचं तेच चित्र पुन्हा वापरायचं, धावण्याचं तेच चक्र फिरवत राहायचं. ओसामू तेझुका यांच्या संस्थेने १९६३मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला देण्यासाठी ही पद्धत घट्ट बसवली आणि जपानी टीव्हीचा सगळा उद्योग तिच्यावर चालला. लहान काचेवर ती खपून जाते. तीस फूट रुंद पडद्यावर मात्र न हलणारा हात हा न हलणारा हातच दिसतो. म्हणून सिनेमात चित्रं वाढवावी लागतात आणि त्याहून महत्त्वाचं, जागा वाढवावी लागते. नोबिताच्या गल्लीऐवजी क्षितिज दाखवावं लागतं. डोरेमॉनचे सिनेमे कधी समुद्रतळाशी, कधी आफ्रिकेच्या जंगलात, कधी दूरच्या ग्रहावर जातात त्यामागे ही गरजही आहे.

सगळ्यांनी हा रस्ता धरला नाही. ‘मोबाइल सूट गंडम’ या यंत्रमानवी युद्धमालिकेचं उदाहरण तर उलट्या दिशेचं आहे. १९७९मध्ये सुरू झालेली ही मालिका ५२ भागांची ठरली होती, पण प्रेक्षक कमी म्हणून ४३ भागांत गुंडाळली. नंतर पुनःप्रसारणाने आणि प्लास्टिकच्या जोडणी-खेळण्यांनी तिला उचलून धरलं, आणि १९८१-८२मध्ये टीव्हीचीच चित्रफीत कापून, जोडून तीन सिनेमे काढले. मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात चित्रकार योशिकाझु यासुहिको आजारी पडले होते. तिसऱ्या सिनेमात त्यांनी तो भाग मोठ्या प्रमाणावर नव्याने काढला. म्हणजे टीव्हीवर राहून गेलेलं काम पडद्यावर पूर्ण झालं. तिथे कथा आधीपासूनच एका दिशेने जाणारी होती, म्हणून कात्री चालली. डोरेमॉनला कात्री चालली नसती, कारण कापायला सलग धागाच नव्हता.

तिसरा मार्ग ओवण्याचा. २०१४चा ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ तसा आहे. ताकाशी यामाझाकी आणि रयुइची यागी यांनी निवडक छोट्या गोष्टी घेतल्या: डोरेमॉनचं येणं, शिझुकाशी होणारं लग्न, लग्नाच्या आदल्या रात्रीची कथा, डोरेमॉनचा निरोप. त्या एका माळेत ओवल्या आणि संगणकावर त्रिमित केल्या. नोबिताची खोली आणि वस्ती यांच्या छोट्या प्रतिकृती हाताने बांधून त्यांचं चित्रण केलं आणि त्यात संगणकी पात्रं बसवली. माळ तुटू नये म्हणून एक नवी अटही घातली: नोबिता सुखी झाल्याशिवाय डोरेमॉनला भविष्यात परतता येणार नाही, आणि सुखी झाल्यावर थांबता येणार नाही. हेच यामाझाकी पुढे ‘गॉडझिला मायनस वन’च्या दृश्यपरिणामांसाठी २०२४मध्ये ऑस्कर घेऊन आले. मला हा सिनेमा आवडतो, पण तो रडवण्यासाठी जरा जास्त झटतो. मूळ गोष्टी कमी बोलून जास्त सांगत होत्या. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला २०१७मध्ये सिनेमात आणताना त्याला सरळ तरुण केला, हाही एक उपाय. नोबिताला मोठं करायचं धाडस जपान्यांनी केलं, पण तेवढ्यापुरतंच, भविष्याची खिडकी उघडून.

आता थोडं विज्ञानाकडे, कारण फुजिमोतो यांना त्याचं खरंखुरं वेड होतं. पिसुके हा त्यांच्या मनाचा प्राणी नाही. १९६८मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी इथे, नदीकाठच्या खडकात तादाशी सुझुकी या शाळकरी मुलाला एका लांब मानेच्या समुद्री प्राण्याचे अवशेष सापडले. जपानभर त्याची चर्चा झाली. त्याला ‘फुताबाचा सुझुकी ड्रॅगन’ अशा अर्थाचं घरगुती नाव मिळालं. शास्त्रीय नाव मात्र २००६मध्ये मिळालं: फुताबासॉरस सुझुकिआय. योगायोगाने त्याच साली, मार्चमध्ये, ‘नोबिताचा डायनोसॉर’ आयुमु वातानाबे यांच्या दिग्दर्शनाखाली नव्याने पडद्यावर आला, पेन्सिलीच्या सैलसर, जिवंत रेषांत. खणता खणता जीवाश्म सापडणारं पोर ही कल्पना जपानी वाचकांना हवेतली का वाटली नसेल, ते यावरून कळतं.

शास्त्राच्या कसोटीवर सिनेमा दोन ठिकाणी घसरतो. पिसुके डायनोसॉर नाहीच, तो प्लेसिओसॉर. डायनोसॉरांच्या काळातला, पण वेगळ्या कुळातला समुद्री सरपटणारा प्राणी. आणि २०११मध्ये पोटात पिल्लू असलेल्या प्लेसिओसॉरच्या सांगाड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा हे प्राणी अंडी घालत नव्हते, थेट पिल्लांना जन्म देत होते, असं दिसून आलं. अंथरुणात उबवायला अंडं मिळालंच नसतं. १९७५मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचा दोष फुजिमोतो यांच्याकडे जात नाही.

टेबलाच्या खणाचा नियम मला जास्त छळतो, कारण तो रत्नागिरीला लावून बघितला की भलतंच काही निघतं. समजा, टेबल आमच्या मारुती मंदिर परिसरातल्या एखाद्या घरात आहे. फुताबासॉरस साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा तुकडा मादागास्करपासून नुकताच सुटून दक्षिण गोलार्धात होता. आज रत्नागिरी ज्या अक्षांश-रेखांशांवर आहे तिथे टेथिस समुद्राचं पाणी होतं. खण उघडताच पाचही जण बुडाले असते. जागा म्हणजे जमीन असं धरलं, तर ती जमीन हजारो किलोमीटर दक्षिणेला सापडली असती, आणि आपला काळा पाषाण तिथे अजून यायचाच होता. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्याच्यावर झिजून झिजून जांभा तयार झाला. म्हणून रत्नागिरीच्या सड्यावर कितीही खणलं तरी सुनियोच्या तोंडावर फेकायला हाड मिळणार नाही. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जावं लागेल. तिथे डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते, आणि २००५मध्ये तिच्यातच गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याने गवत डायनोसॉरांच्या काळातही होतं हे सिद्ध झालं. जपानची गोष्टही तशीच: तेव्हा तो बेट नव्हता, आशियाच्या कडेला चिकटलेला होता; जपानचा समुद्र उघडायला अजून सहा-सात कोटी वर्षं होती. म्हणून मुलांना जमिनीवरून तिकडे निघणं निदान विचारात तरी घेता आलं.

फुजिमोतो २३ सप्टेंबर १९९६ रोजी गेले, पुढच्या वर्षीच्या सिनेमाची कथा हातात असताना. सहकाऱ्यांनी त्यांच्या टिपणांवरून ती पूर्ण केली. त्याच १९९६मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या अंगावरची पिसांसारखी लव जगासमोर आली आणि डायनोसॉरांचं सगळं चित्रच बदललं. तो बदल डोरेमॉनच्या पडद्यावर पोचायला २०२० उजाडलं. ‘नोबिताचा नवा डायनोसॉर’ त्या वर्षी मार्चमध्ये येणार होता, कोविडमुळे ऑगस्टमध्ये आला. यात अंड्यातून दोन पिल्लं निघतात, दोन्ही पिसांची, आणि यावेळी ती खरोखर डायनोसॉर आहेत. क्यू नावाचं दुबळं पिल्लू इतरांसारखं तरंगू शकत नाही, धडपडत पंख फडफडायला शिकतं, आणि उल्का आदळण्याच्या काळात पक्ष्यांची सुरुवात त्याच्यापासून झाली, असं सिनेमा सुचवतो.

धडपडणारं पिल्लू आणि धडपडणारा नोबिता यांची सांगड सुंदर आहे. पण उल्का साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि आर्किओप्टेरिक्स हा आद्य पक्षी सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. क्यूच्या कितीतरी आधी आकाशात पक्षी होते. अंड्याची चूक माहिती नसल्यामुळे झाली होती. ही माहिती असताना, गोष्टीच्या सोयीसाठी केलेली आहे, आणि लहान मुलांच्या विज्ञानकथेत मला ती खटकते. म्हणून घरातल्या पोरांना एकच डोरेमॉनपट दाखवायचा झाला, तर मी पिसुकेचा लावीन, १९८०चा किंवा २००६चा, आणि तो संपल्यावर प्लेसिओसॉरला अंडी नव्हती हे त्यांना आठवणीने सांगेन.